वाचकांचे प्रश्न : ट्राउटची अंडी कोकणात वाढतील का?

या वेळी आलेल्या प्रश्नांमध्ये अंडी आणि पिल्लांबद्दलचेच प्रश्न जास्त आहेत, त्यामुळे फिल्टर आणि लाईटचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो. पहिल्या प्रश्नाला जरा जास्त जागा दिलीय, कारण एका शिक्षिकेने विचारलाय आणि मुलांसाठी विचारलाय.

प्रश्न : आम्ही मागच्या सुट्टीत कुलू-मनालीला गेलो होतो, तिथे पतलीकुहलला ट्राउटचं फार्म बघितलं. मी शाळेत विज्ञान शिकवते. अंड्यातून पिल्लू कसं तयार होतं हे मुलांना रोज स्वतःच्या डोळ्यांनी बघता यावं म्हणून ट्राउटची अंडी मागवून घरी टाकीत वाढवावीत असं डोक्यात आलंय. अमेरिकेत शाळांमध्ये असं करतात असं वाचलं. आमच्याकडे विहिरीचं पाणी बारा महिने आहे आणि एकदम थंडगार आहे. जमेल का? — एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : ताई, आधी एक काम करा. थर्मामीटरला दोरी बांधून विहिरीत पाचेक मिनिटं सोडा आणि बघा. मे महिन्यात घामाघूम होऊन आल्यावर विहिरीचं पाणी अंगावर घेतलं की थंडगार वाटतं खरं, पण जमिनीखालच्या पाण्याचं तापमान त्या भागातल्या वर्षभराच्या सरासरी तापमानाच्या जवळपास असतं, म्हणजे आपल्याकडे २५ ते २७ अंश. ट्राउटच्या अंड्यांना लागतं ८ ते १२. पंधराच्या वर गेलं की अंडी मरायला लागतात, जी जगतात त्यातून वाकडी पिल्लं निघतात. मोठी ट्राउटसुद्धा वीस-एकवीसच्या पुढे खाणं कमी करते आणि पंचवीसच्या आसपास मरते. म्हणजे आपलं सगळ्यात थंड पाणी हे ट्राउटसाठी जीव जायचं पाणी आहे.

नुसत्या तापमानाचा प्रश्न नाही, त्याच्या मागे ऑक्सिजन येतो. पाणी जितकं थंड तितका त्यात ऑक्सिजन जास्त मावतो. १० अंशाच्या पाण्यात लिटरला ११ मिलिग्रॅमच्या वर मावतो आणि २८ अंशाच्या पाण्यात जेमतेम पावणेआठ, तोही एअर पंप जोरात चालू असेल आणि टाकी स्वच्छ असेल तर. ट्राउट हा डोंगरातल्या उसळत्या पाण्याचा मासा, त्याला भरपूर ऑक्सिजनची सवय. अंडी तर जागची हलू शकत नाहीत, पाणी त्यांच्यापर्यंत येऊन वाहत राहिलं तरच ती श्वास घेणार. निसर्गात मादी शेपटीने गोट्यांमध्ये खड्डा करते, अंडी घालते आणि वर गोटे सारते, मग गोट्यांच्या फटीतून पाणी वाहत राहतं. हॅचरीत, म्हणजे माशांची अंडी फुटवायच्या केंद्रात, तेच काम ट्रे करतात, पाणी ट्रेच्या खालून वर किंवा एका बाजूने दुसऱ्या बाजूला सतत फिरतं.

आता तुम्हाला जे मुलांना दाखवायचंय ते सांगतो, कारण ते खरंच बघण्यासारखं आहे. रेनबो ट्राउटचं अंडं भिजवलेल्या साबुदाण्याएवढं असतं, रंग पिवळसर ते केशरी. फलित झाल्यावर सुरुवातीचे काही तास सोडले तर पुढे डोळे दिसेपर्यंत अंड्याला धक्का चालत नाही, ट्रे जोरात हलवला तरी आतला जीव मरतो. १० अंशाच्या पाण्यात साधारण सोळा-सतरा दिवसांनी कवचातून दोन काळे ठिपके दिसायला लागतात, ते पिल्लाचे डोळे. या टप्प्यानंतर अंडं एकदम टणक होतं, ओल्या कापडात बर्फाच्या गारव्यात ठेवून दूर पाठवता येतं. भारतात ट्राउट आली ती याच्याच जोरावर. इंग्रजांनी स्कॉटलंडहून काश्मीरला ब्राऊन ट्राउटची अंडी पाठवली, पहिली खेप वाटेतच मेली, १९०० मध्ये दुसरी जिवंत पोचली आणि श्रीनगरजवळ हारवनला ती वाढवली. तिकडूनच पुढे कुलूच्या खोऱ्यात कटराईनला गेली. दक्षिणेत निलगिरीत अ‍ॅव्हलांचला हॅचरी झाली, मुन्नारच्या वरच्या डोंगरातही ट्राउट आहे. ही सगळी ठिकाणं बघा, एकही जागा अशी नाही की जिथे रात्री स्वेटर लागत नाही.

१० अंशाला ३१ दिवसांत पिल्लू बाहेर येतं. पाणी १५-१६ अंशाचं असलं तर १९ दिवसांत, साडेचार अंशाचं असलं तर ८० दिवस. हॅचरीवाले रोजचं तापमान बेरजेत धरतात, १० अंशाचे ३१ दिवस म्हणजे ३१० डिग्री-डे, आणि त्यावरून कुठल्या तारखेला पिल्लं येतील ते आधीच सांगतात. मुलांना हे गणित भारी आवडेल. पिल्लू बाहेर आलं तरी पोटाला पिवळ्या बलकाची पिशवी लटकलेली असते, त्या ओझ्याने ते तळाशी पडून राहतं, उजेड आला की कोपऱ्यात पळतं. दोन-तीन आठवडे त्याला काही खायला लागत नाही. मग पिशवी पोटात शिरते, पिल्लू वर येऊन पोहायला लागतं आणि तिथून पुढे दिवसातून आठ-दहा वेळा अगदी बारीक दाणा टाकावा लागतो. याच टप्प्यावर सगळ्यात जास्त पिल्लं मरतात, काही तर खायला शिकतच नाहीत.

अमेरिकेतल्या शाळांबद्दल तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे. तिकडे वर्गात काचेची टाकी असते, तिला चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, लावलेला असतो, डोळे आलेली अंडी सरकारी हॅचरीतून मिळतात आणि उन्हाळ्याच्या आधी मुलं ती पिल्लं जवळच्या ओढ्यात परवानगीने सोडतात. त्या ओढ्याचं पाणी ट्राउटला चालणारं असतं. हा शेवटचा भाग आपल्याकडे नाही, आणि माझं उत्तर त्यावरच ठरलंय.

चिलर आणि थर्माकोल लावून डिसेंबर-जानेवारीत चिपळूणला ट्राउटची अंडी फुटवता येतील का? येतील. खर्चिक आहे, पण येतील. २६ अंशाचं पाणी १० वर आणायचं म्हणजे १६ अंशांचा फरक, दुकानात मिळणारे बरेच चिलर पाच-सात अंश खाली आणण्याच्या हिशोबाचे असतात, त्यामुळे मोठा घ्यावा लागेल. टाकीला चारही बाजूंनी थर्माकोल नसेल तर आपल्या दमट हवेत काचेवर दिवसभर घाम धरतो, पाणी ओघळत खाली स्टँडमध्ये मुरतं, प्लायवूड फुगतं आणि एक दिवस टाकी एका बाजूला कलते. लाईट गेली की चिलर बंद, पंप बंद, आणि छोटी टाकी काही तासांत तापायला लागते, म्हणजे इन्व्हर्टर आलाच. हे सगळं केलंत आणि फेब्रुवारीत शे-दीडशे पिल्लं पोहायला लागली की पुढे काय? मार्च, एप्रिल, मे यायचाय. वाशिष्ठीत सोडाल तर काही तासांत मरतील. शिवाय बाहेरच्या प्रदेशातला मासा आपल्या नदीत सोडणं मुळातच चूक, तो मरणार असला तरी चूक, कारण त्याच्याबरोबर रोग आणि परजीवी येतात ते मरतीलच असं नाही. मुलांनी महिनाभर जीव लावलेली पिल्लं शेवटी त्यांच्यासमोर मरणार हे आपल्याला पहिल्या दिवसापासून माहीत असेल तर तो प्रयोग मुलांकडून करून घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पण तुमची मूळ इच्छा ट्राउटची नाहीये, अंड्यातून पिल्लू होताना दाखवायची आहे. त्यासाठी झेब्रा डॅनिओ घ्या. मी हे दुय्यम म्हणून सुचवत नाहीये, तुमच्या कामाला तो ट्राउटपेक्षा चांगला आहे. हा आपल्या उपखंडातलाच मासा, जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये वापरतात, कारण त्याचं अंडं काचेसारखं पारदर्शक असतं. अ‍ॅक्वेरियमच्या कुठल्याही दुकानात मिळतो, २६ ते २८ अंशाचं पाणी त्याला हवं असतं आणि ते आपल्याकडे फुकट आहे. फक्त थंडीतल्या रात्री टाकी भिंतीपासून जरा लांब आणि झाकलेली ठेवा.

करायचं असं. पोट फुगलेल्या दोन माद्या आणि दोन नर संध्याकाळी एका छोट्या टबात काढा, तळाला काचेच्या गोट्यांचा थर द्या आणि गोट्यांच्या वर पाणी बोट-दीड बोटच ठेवा. गोट्या अगदी गरजेच्या, कारण डॅनिओ स्वतःची अंडी खातात, गोट्यांच्या फटीत पडलेली तेवढी वाचतात. सकाळी उजेड पडला की तासाभरात अंडी घालतात. मग मोठे मासे काढून घ्या, गोट्या हलक्या हाताने उचला आणि तळाची अंडी ड्रॉपरने किंवा बारीक नळीने उथळ काचेच्या भांड्यात घ्या, एका भांड्यात चाळीस-पन्नासच्या वर नको. संध्याकाळपर्यंत जी दुधाळ पांढरी दिसतील ती फलित झालेली नाहीत, ती काढून टाका. बाकीची भिंगाखाली धरा, मोबाईलला लावायची मॅक्रो लेन्स मिळते ती असेल तर आणखी छान, वर्गातल्या टीव्हीवर दाखवता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे २४ तासांनी, आत शेपूट हललेली दिसते. अचानक एक झटका, मग शांत, मग परत झटका. त्याच सुमाराला हृदय धडधडताना दिसतं, एवढंसं की मुलं आधी विश्वास ठेवत नाहीत, मग एकमेकांना ढकलून बघायला लागतात. दीड-दोन दिवसांत अंगावर काळे ठिपके येतात, रक्त फिरताना दिसतं. दोन ते तीन दिवसांत पिल्लू बाहेर, मग काचेला चिकटून राहतं, आणि पाचव्या दिवशी पोहायला लागतं. सोमवारी सकाळी अंडी मिळाली तर शनिवारपर्यंत सगळं वर्गातच होतं. ट्राउटचे डिग्री-डे आणि डॅनिओचे डिग्री-डे फळ्यावर शेजारी शेजारी मांडून दाखवा, ३१० कुठे आणि ७० (२८ अंशाचे अडीच दिवस) कुठे.

पोहायला लागलेल्या पिल्लांच्या तोंडात पावडर दाणासुद्धा मावत नाही, त्यांना इन्फ्युसोरिया लागतो. जुन्या टाकीच्या पाण्यात भाताच्या पेंढ्याचे दोन-चार तुकडे टाकून बरणी खिडकीत ठेवा, चार-पाच दिवसांत पाणी आधी गढूळ होतं मग निवळतं आणि त्यात उजेडाकडे बघितलं की बारीक धूळ फिरल्यासारखी दिसते, तेच सूक्ष्मजीव. म्हणजे ही बरणी माशांनी अंडी घालायच्या आधीच लावायला हवी, नंतर लावली तर पिल्लं उपाशी मरतात. आठ-दहा दिवसांनी ताजा आर्टेमिया (कोळंबीसारख्या बारीक जीवाची नुकती फुटलेली पिल्लं) सुरू करा. वाढलेली पिल्लं दुकानदार घेतो किंवा मुलं घरी नेतात, व्हाळात, म्हणजे ओढ्यात, मात्र यातलंही एक सोडू नका.

आणि ट्राउटची अंडी बघायचीच असतील तर हिवाळ्यात परत कुलूला जा. ती अंडी घालतेच मुळी नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या थंडीत.

प्रश्न : पयलो पाऊस जोरात लागलो की आमच्या व्हाळातसून शेतात मासे चढतत, पोटात गाबोळी भरलेली असता. लोक पोतींनी धरतत. ती गाबोळी काढून टाकयेत घातली तर पिल्लां येतीत काय? — कुडाळहून एक वाचक

उत्तर : नाही येणार. माशाच्या पोटातली गाबोळी म्हणजे अजून न पिकलेली, एकमेकांना चिकटलेली अंडी. ती शेवटच्या काही तासांत पिकतात, सुटी होतात आणि पाण्यात पडतात, त्याच क्षणी नराचं वीर्य मिळालं तर मिनिटा-दोन मिनिटांत फलित होतात, नाही तर गेली. मेलेल्या माशातून काढलेल्या गाबोळीतून काहीही निघत नाही.

हॅचरीत हे कसं करतात तर मादीला आणि नराला हार्मोनचं इंजेक्शन देऊन. रोहू, कटला, मृगळ हे मासे तळ्यात वाढतात पण तळ्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून १० जुलै १९५७ ला त्यांच्याकडून पहिल्यांदा अंडी घालून घेतली, आज देशभर १० जुलै हा मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात तो यामुळेच. त्याआधी सगळं बीज, म्हणजे माशांची बारीक पिल्लं, नदीतून गाळून आणावं लागायचं. या माशांची अंडी २८-२९ अंशाच्या पाण्यात पंधरा-अठरा तासांत फुटतात. आज सकाळी अंडं आणि उद्या सकाळी जिरे (नुकती फुटलेली पिल्लं), जिऱ्याचं बीज, बीजाची बोटुकली, सगळं एका पावसाळ्यात.

आता तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. चढणीचा मासा वर कशाला चढतो, तर शेतातल्या आणि कातळावरच्या उथळ पाण्यात अंडी घालायला. तिथे मोठे मासे नसतात, पाणी उन्हाने कोमट असतं, गवतात किडे भरपूर, पिल्लांना याहून चांगली जागा नाही. पोटात गाबोळी असलेली एक मादी म्हणजे शेकडो-हजारो पिल्लं. चढताना सगळीच धरली तर पुढच्या वर्षी चढायला कोण राहणार? आमच्या लहानपणी असायचे तेवढे मासे आता नाहीत असं प्रत्येक गावात म्हातारी माणसं सांगतात, त्यात वाळू उपसा आहे, शेतातली औषधं आहेत, बंधारे आहेत, पण चढणीला पोत्यांनी धरणं हेही आहे. खायला चार मासे धरा, कोण नको म्हणत नाही. व्हाळाच्या पूर्ण रुंदीला जाळं लावू नका आणि पहिले दोन-तीन दिवस सोडून द्या, एवढं वाडीत बसून ठरवता आलं तर बघा. महाड तालुक्यात वाळणकोंडीला देवीचे मासे म्हणून कोणी महसीरला हात लावत नाही, आज तिथे कोंडीत हातभर मासे लोकांच्या हातचे कुरमुरे खायला येतात. गावाने ठरवलं की होतं.

प्रश्न : माझ्याकडे बोअरचं पाणी आहे. गप्पीची पिल्लं जगतात पण अंडी घालणाऱ्या कुठल्याच माशाची अंडी टिकत नाहीत, दोन दिवसांत अंड्यांवर तांबूस थर बसतो. नळाचं पाणी वापरलं तर मोठे मासेच तडफडायला लागतात. — देवगड

उत्तर : तांबूस थर म्हणजे लोह. जांभ्या दगडाच्या मुलखात बोअरच्या पाण्यात लोह विरघळलेलं असतं, बाहेर काढताना पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, हवा लागली की गंजतं आणि तळाशी बसतं. तेच तुमच्या अंड्यांवर बसतंय आणि अंडी गुदमरतायत. गप्पी जिवंत पिल्लंच देते म्हणून तिला फरक पडला नाही. उपाय सोपा आहे, बोअरचं पाणी आधी वेगळ्या ड्रममध्ये घ्या, एअर पंपाचा दगड टाकून एक-दोन दिवस जोरात बुडबुडे द्या, मग एक दिवस पंप बंद करून निवळू द्या आणि वरचं पाणी जाड कापडातून किंवा स्पंजमधून गाळून वापरा. तळाचं चार बोटं पाणी झाडांना घाला. बुडबुड्यांनी आणखी एक काम होतं, खोलच्या पाण्यात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो तेही सुधारतं. आपल्याकडचं विहिरी-बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी मऊ आणि थोडं आम्लधर्मी असतं, तेव्हा पीएचचं किट आणून एकदा बघा, सहाच्या खाली असेल तर टाकीत मूठभर शिंपले टाका, हळूहळू वर येतं. समुद्रावरून आणलेले शिंपले असतील तर आधी गोड्या पाण्यात चांगले भिजवून धुवा.

नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे, मासे त्यानेच तडफडतायत. उघड्या टबात एक दिवस-रात्र ठेवलं की बरंचसं उडून जातं, घाई असेल तर अँटिक्लोरीनचे थेंब मिळतात. पावसाळ्यात गढूळ पाणी येतं म्हणून पाणीयोजनेत क्लोरीन वाढवतात, तेव्हा जून ते सप्टेंबर जास्त सांभाळा.

प्रश्न : खाडीकाठी आमची जुनी चिऱ्याची टाकी आहे, साधारण दहा फूट बाय पंधरा फूट, पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. कोळंबी नको, सोपा मासा सुचवा ज्याची पिल्लं घरच्या घरी होतील. — गुहागर तालुका

उत्तर : काळुंदर. दुसरं नाव डोक्यात येतच नाही. केरळवाले ज्याला करीमीन म्हणतात आणि २०१० मध्ये राज्याचा मासा म्हणून जाहीर केला तोच हा. गोडं पाणी चालतं, मचूळ चालतं, टाकीच्या भिंतीवरचं शेवाळ खातो. आणि पिल्लं सांभाळण्यात याच्यासारखा मासा नाही. जोडी जमली की दोघं मिळून एखादा दगड किंवा लाकूड तोंडाने खरवडून साफ करतात, त्यावर एकेक अंडं देठाने चिकटवतात, मग एक जण अंड्यांपुढे उभा राहून परांनी वारा घालत राहतो आणि दुसरा राखण करतो. मेलेलं अंडं दिसलं तर तोंडाने उचलून टाकतात, म्हणजे बुरशी पसरत नाही. साधारण साडेतीन दिवसांत पिल्लं बाहेर येतात, ती तळाच्या मातीत आधीच खणून ठेवलेल्या खड्ड्यात नेऊन ठेवतात आणि पिल्लं पोहायला लागल्यावरही कितीतरी दिवस दोघं त्यांच्या थव्याभोवती फिरत असतात.

तुम्ही करायचं ते एवढंच. तळाला पाच-सहा इंच माती हवी, नुसता सिमेंटचा कोबा असेल तर खड्डे कुठे खणणार. मध्ये मध्ये उभे चिरे, कौलं आणि पाण्यात मुरवलेली नारळाची सोडणं टाका, अंडी चिकटवायला. सोडणं ताजी टाकू नका, त्यांचा रस पाणी काळं करतो. पाणी कमीत कमी तीन फूट ठेवा नाहीतर मे महिन्यात तापतं, आणि एका बाजूला झावळ्यांची सावली करा. बाहेरून नर-मादी ओळखू येत नाहीत, म्हणून दोनच मासे आणून जोडी जमेल अशी आशा करू नका, आठ-दहा छोटे आणा, मोठे झाले की आपापली जोडी निवडतात. खंड्या आणि बगळ्यांसाठी वर जाळी ताणाच. टाकीत तिलापिया आधीच असेल तर तो पूर्ण काढल्याशिवाय काळुंदर सोडू नका, तो अंडी शिल्लक ठेवणार नाही. आणि कोणी लवकर वाढतो म्हणून थाई मांगूर देऊ केला तर सरळ नाही म्हणा, त्यावर देशात बंदी आहे.

पाणी तपासायला आणि बीज कुठून घ्यावं हे विचारायला रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे. जाताना पाण्याची बाटली काठोकाठ भरून, हवा न ठेवता न्या.

प्रश्न : एंजल फिशने फिल्टरच्या पाइपवर अंडी घातली, दुसऱ्या दिवशी अर्धी पांढरी झाली, तिसऱ्या दिवशी सगळ्यांवर पांढरे धागे. दर वेळी हेच. — अलिबाग

उत्तर : पांढरी झालेली अंडी मेलेली असतात, त्यावर बुरशी धरते आणि ती शेजारच्या जिवंत अंड्यांवर पसरते. ट्राउटच्या हॅचरीतही हीच बुरशी त्रास देते, तिथे माणसं रोज ट्रेवर वाकून मेलेलं एकेक अंडं वेचतात. तुम्हीही पांढरी झालेली अंडी पहिल्याच दिवशी ड्रॉपरने काढा. पाइपऐवजी टाकीत एक स्लेटची पट्टी तिरकी उभी करा, जोडी बहुतेक त्यावरच अंडी घालेल, मग पट्टीसकट वेगळ्या टाकीत हलवता येतं. त्या वेगळ्या टाकीत मूळ टाकीचंच पाणी, मिथिलीन ब्लू या बुरशी रोखणाऱ्या औषधाचे थेंब पाणी फिकट निळं होईपर्यंत, आणि एअर स्टोन अंड्यांच्या शेजारी, अगदी खाली नको. उजेड कमी ठेवा.

तरी दर वेळी अर्धी पहिल्याच दिवशी पांढरी होत असतील तर अंडी फलितच होत नाहीयेत. जोडी म्हणून विकलेल्या दोन्ही माद्या निघतात असं एंजलमध्ये खूपदा होतं. पुढच्या वेळी अंडी घालताना बघत बसा, एक मासा अंडी चिकटवत पुढे गेला की दुसरा लगेच मागून त्याच ओळीवरून पोट घासत जायला हवा. दोघंही अंडीच चिकटवताना दिसले तर नर आणा.